नव्या ले-आउटच्या रस्त्यासाठी नियमातून सूट: बेळगाव भागात पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

“एवढा रुंद रस्ता कशाला पायजे वो? इमान उतरणार हाय काय?”

शेतात फीत धरून उभे असताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणारा बहुधा घरातला थोरला काका असतो. त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता नसतो, रस्त्यात जाणारे गुंठे असतात. त्याला दोष देता येत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांत वाटण्या होऊन होऊन जमिनीच्या लांबच लांब पट्ट्या उरल्या आहेत. एका बाजूला पाणंद, दुसऱ्या टोकाला नाला, मधे तीन भावांची नावे. अशा पट्टीत नियमाप्रमाणे रस्ता बसवायचा म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा.

मग कुणीतरी सांगतो, “सूट मागा की.” मागता येते. पण ती कशासाठी मिळते हे आधी समजून घ्या. सूट जमिनीच्या अडचणीसाठी असते, मालकाच्या अडचणीसाठी नसते. विहीर, नाला, उतार, हाय टेन्शन लाईनचा टॉवर ही जमिनीची अडचण. “दोन प्लॉट कमी पडतात” ही मालकाची. अर्ज कितीही सुंदर लिहिला तरी वाचणारा इंजिनिअर हा फरक पहिल्या पानावरच ओळखतो.

अर्ज कुणाच्या टेबलावर जाणार?

जमिनीचे प्लॉट पाडायचे आणि आत खासगी रस्ता काढायचा, तर कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ च्या कलम १७ खाली नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांसाठी हे प्राधिकरण म्हणजे बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण). खानापूर, निपाणी, चिकोडी भागात असाल तर कार्यालय वेगळे असेल. आपला सर्वे नंबर कुठल्या नियोजन क्षेत्रात येतो हे नगर नियोजन खात्याच्या कार्यालयात जाऊन आधी विचारा आणि मगच झेरॉक्स काढायला लागा.

तीन गैरसमज इथेच मोडून टाकतो.

पहिला, “एन.ए. झालं, म्हणजे ले-आउट झाला.” नाही. जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली डी.सी. ऑफिसातून होते ती बिनशेती. ले-आउटचा नकाशा हे वेगळे काम.

दुसरा, “पंचायतीचा ठराव आहे.” ठराव असू द्या, उपयोग होईल. पण रस्त्याची रुंदी ठरवणारा नियम पंचायतीने केलेला नाही, त्यामुळे तो सैल करणेही तिच्या हातात नाही.

तिसरा गैरसमज खास आपल्या सीमाभागातला. मेहुणा चंदगडला, साडू गडहिंग्लजला. तिकडे ले-आउट पास झाला की त्याचा नकाशा व्हॉट्सॲपवर येतो आणि इकडे अपेक्षा वाढतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियमावली लागू आहे. तिच्यातले आकडे, तिच्यातल्या सवलती तिकडच्या. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तुमचा नकाशा मात्र आज कर्नाटकच्या झोनल रेग्युलेशनवरच, म्हणजे इथल्या विकास आराखड्याच्या नियमांवरच, तपासला जाणार आहे. ते पुस्तक मिळवा आणि रस्त्यांचे पान स्वतः वाचा. आपल्याकडे ले-आउटच्या आतला रस्ता म्हटला की ९ मीटर, म्हणजे बोली भाषेत तीस फुटी, हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण अर्जात तोंडी आकडा चालत नाही, नियमाचा क्रमांक लिहावा लागतो.

कागद जमवताना एक ओळ नीट बघा

उतारा, आकारबंद, टिप्पण, गाव नकाशा, बिनशेतीचा आदेश आणि हद्दबस्त करून घेतलेली मोजणी. एकाच सर्वे नंबरातला तुकडा असेल तर ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. ही यादी तुम्हाला कुणीही सांगेल.

मी सांगतो ते खराब्याबद्दल. उताऱ्यावर खराब क्षेत्र लिहिलेले असते आणि त्याचे दोन प्रकार असतात. ‘अ’ खराब म्हणजे तुमच्याच मालकीचे, पण पिकाखाली न येणारे. ‘ब’ खराब म्हणजे सार्वजनिक: गाडीवाट, ओढा, नाला. पुष्कळ जण ‘ब’ खराब आपल्याच क्षेत्रात धरून रस्ता आखतात आणि सर्वेअर जागेवर आला की सगळा नकाशा कोसळतो. उलटही घडते. गाव नकाशावर ज्या वाटेची दुहेरी रेघ आहे, ती आज शेजाऱ्याने नांगरून आत घेतलेली असते. अशा वेळी तुम्हाला सूट नको असते, मोजणी हवी असते.

ले-आउटपर्यंत पोचणारा रस्ताच अरुंद असेल, तर तेच. आतल्या रस्त्यावर सूट मिळू शकते, पण अग्निशमनाची गाडी मुळात पाणंदीतूनच आत येत नसेल तर आतल्या सवलतीला अर्थ नाही. शेजाऱ्याशी बोला. त्याच्या बांधालगतची पट्टी तो रस्त्यासाठी नोंदणीकृत दस्ताने सोडायला तयार आहे का बघा. उद्या त्यालाही प्लॉट पाडायचे असतात, हे त्याला आठवण करून द्या. चहाचा एक कप बेंगळूरच्या चार फेऱ्या वाचवतो.

अर्जाआधी गुणाकार

समजा पट्टी ३० मीटर रुंद आणि १९० मीटर लांब आहे. क्षेत्र ५,७०० चौरस मीटर, म्हणजे एक एकर सोळा गुंठ्यांच्या आसपास. मधोमध ९ मीटरचा रस्ता काढला तर १,७१० चौरस मीटर, जवळजवळ सतरा गुंठे, रस्त्यात जातात. काकांच्या पोटात दुखते ते इथे.

आता पूर्ण लांबीला साडेसात मीटरची सूट मिळाली असे धरा. वाचले २८५ चौरस मीटर, साधारण ३,०६७ चौरस फूट. ३०×४० चे अडीच प्लॉट, असा हिशेब दलाल करून देतो. पण ही जमीन अडीच प्लॉटच्या आकारात सलग मिळत नाही. ती दोन्ही रांगांतल्या प्रत्येक प्लॉटच्या पुढ्यात पाऊण-पाऊण मीटर मिळते. साडेदहा मीटर खोलीचा प्लॉट सव्वाअकरा मीटरचा होतो, एवढेच. आणि सूट फक्त शेवटच्या ६० मीटरलाच मागितली तर वाचतात ९० चौरस मीटर. एक गुंठाही नाही.

यासाठी सहा-आठ महिने फाईल अडकवून ठेवायची का, याचे उत्तर घरात बसून ठरवा. माझ्याकडे आलेल्यांपैकी निम्मे जण हा हिशेब बघून नुसता चहा पिऊन परत गेले आणि त्यांनी तीस फुटी रस्ताच केला.

काय मागण्यासारखे आहे?

जिथे नियम शब्दशः पाळला तर जागेवर काहीतरी वाईट घडेल, तिथे मागा. जुनी विहीर किंवा वडाचे झाड वाचवण्यासाठी वीस-पंचवीस मीटर लांबीत रस्ता अरुंद करणे. पलीकडे रेल्वे किंवा नाला असल्यामुळे रस्ता पुढे न जोडता बंद ठेवणे. काकती, होनग्याच्या बाजूला डोंगरउतार असेल तर चढ किंवा वळण नियमापेक्षा थोडे वेगळे ठेवणे. रस्त्याच्या वळणावर कोपऱ्याच्या प्लॉटमधून सोडायचा तिरका तुकडा कमी करणे, एका बाजूला फूटपाथ न करणे. ही सगळी मागणी समजावून सांगता येते.

सी.डी.पी.मध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, आखलेला रस्ता तुमच्या जमिनीतून जात असेल तर तो अरुंद करून मागू नका. तो तुमच्या ले-आउटचा रस्ता नाही, शहराचा आहे. त्यासाठी आराखड्यातच बदल लागतो आणि ती वाट वेगळी, लांब आणि बहुतेकदा निष्फळ. महामार्गालगतची सोडायची जागा, नाल्याचा बफर (काठाने मोकळी सोडायची पट्टी), विजेच्या तारांखालचे अंतर यांचेही तेच. उद्यानाची आणि नागरी सुविधांची जागा कमी करून मागणारा अर्ज तर मी लिहूनच देत नाही.

बंद रस्ता: इथे थोडे थांबू

आपल्या भागात सर्वांत जास्त मागणी या सुटीची असते, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

नॅशनल बिल्डिंग कोड ऑफ इंडिया २०१६ मध्ये पोचरस्त्याच्या लांबीप्रमाणे रुंदीचा तक्ता आहे: ७५ मीटर लांबीपर्यंत ६ मीटर, १५० पर्यंत साडेसात, २५० पर्यंत ९, ४०० पर्यंत १२. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या १९० मीटरच्या रस्त्याला साडेसात मीटर रुंदी या कोडप्रमाणेही बसत नाही. हा कोड मार्गदर्शक आहे, स्थानिक नियम त्याच्या वरचढ. तरीही अर्जात त्याचा आधार दिला की तुमची मागणी हवेतली वाटत नाही. आणि आधार तुमच्या विरुद्ध जात असेल तर तेही घरीच कळते.

बंद रस्त्याबद्दल हाच कोड सांगतो की १५० ते २७५ मीटर लांबीचा बंद रस्ता फक्त निवासी भागात आणि सरळ रस्त्यावर चालेल, १५० मीटरवर गाडी वळवायला जादा जागा हवी, ती ८१ चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि तिची कुठलीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. पुढची अट मात्र आपल्याकडे कुणी वाचत नाही: बंद टोक सुरुवातीच्या टोकापेक्षा उंच असले पाहिजे.

कारण साधे आहे. पाणी मुख्य रस्त्याकडे वाहून गेले पाहिजे, बंद टोकाला साचता कामा नये. आता आपले भातशेत डोळ्यांपुढे आणा. बासमती पिकवणारी ही जमीन पाणंदीकडून नाल्याकडे उतरत जाते. रस्ता सुरू होतो उंचावर आणि बंद होतो नाल्यापाशी, सर्वांत खोल जागी. म्हणजे ही अट आपल्या शिवारात नेमकी उलटी पडते. बळ्ळारी नाल्याच्या काठची शेते पावसाळ्यात किती दिवस पाण्याखाली असतात हे वडगाव-शहापूरकरांना सांगायला नको. तिथे शेवटचे चार प्लॉट विकत घेणाऱ्याच्या दारात काय होईल याची कल्पना करा.

म्हणून बंद रस्त्याची सूट मागताना तीन गोष्टी सोबत न्या. एक, जागेची लेव्हल: टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने काढलेला समोच्चरेषांचा (सारख्या उंचीच्या रेघांचा) नकाशा, ज्यावर दोन्ही टोकांची उंची स्पष्ट लिहिलेली आहे. दोन, बंद टोकापासून नाल्यापर्यंत पाणी नेणारी गटाराची स्वतंत्र पट्टी, प्लॉटच्या क्षेत्राबाहेर आणि रस्त्यासोबतच प्राधिकरणाकडे सोपवली जाणारी. प्लॉटच्या मागच्या बाजूने गटार काढून “मालकांनी सांभाळावे” असे लिहू नका. पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यावर बाथरूम बांधतो. तीन, वळण्याच्या जागेचा मापासकट तपशील. अग्निशमनाच्या गाडीला वळायला ९ मीटर त्रिज्या लागते, असे कोड सांगतो. गाडीच्या चाकांची वाट नकाशावर काढून दाखवली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

शिवाय जुलै-ऑगस्टमधले फोटो. मे महिन्यात काढलेल्या फोटोत प्रत्येक जमीन सुंदर दिसते. तुमच्या जागेत पाणी साचते हे लपवू नका, उलट दाखवा. पाण्याची अडचण आहे म्हणूनच तर तुम्ही सूट मागत आहात.

मोबदल्यात काय देणार?

नियमामागचा हेतू वेगळ्या वाटेने पूर्ण होतो, हे दाखवल्याशिवाय सूट मागणे म्हणजे नुसती विनवणी. त्यासाठी रस्त्याचा आडवा छेद काढा. ९ मीटरमध्ये दोन्ही बाजूंना १.८ मीटरचा फूटपाथ, त्याखाली झाकलेले गटार, आणि मधे ५.४ मीटर गाड्यांना जागा. १.८ मीटर हे इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचाऱ्यांसाठीचे किमान माप आहे. झाड वाचवण्यासाठी तुम्ही २५ मीटर लांबीत साडेसात मीटर मागताय, तर तिथला छेद असा देता येईल: एका बाजूला १.८ मीटर फूटपाथ, ५ मीटर रस्ता, दुसऱ्या बाजूला ०.७ मीटर गटार. म्हणजे चालणाऱ्याला एका बाजूला पूर्ण रुंदीचा फूटपाथ राहिला, गाडीचे ४० सेंटिमीटर गेले आणि झाड राहिले. हे एका चित्रात दिसते. त्या लांबीत पार्किंगला बंदी आणि त्या भागातल्या प्लॉटचे फाटक दुसऱ्या बाजूला, हे स्वतःहून लिहून द्या.

अर्ज

अर्ज कन्नडमध्ये द्या. हा सल्ला काहींना रुचणार नाही, मला ठाऊक आहे. पण फाईलवरची टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते, प्राधिकरणाच्या सभेपुढचा विषय कन्नडमध्ये मांडला जातो, आणि तुमच्या मराठी अर्जाचा सारांश दुसऱ्याने दोन ओळींत करण्यापेक्षा तुमचे म्हणणे तुमच्याच शब्दांत गेलेले बरे. आधी मराठीत मनासारखे लिहा, मग चांगले कन्नड येणाऱ्याकडून करून घ्या. सही करण्यापूर्वी प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारा. ‘निवेशन’ म्हणजे प्लॉट, ‘विन्यास’ म्हणजे ले-आउट, ‘भूपरिवर्तन’ म्हणजे बिनशेती. हे तीन शब्द ओळखता आले की नकाशावरचे शिक्के वाचता येतात.

मजकूर एका पानाचा ठेवा. मी साधारण असा लिहितो:

“सर्वे नंबर अमुक, क्षेत्र इतके, या जागेच्या ले-आउटमध्ये रस्ता क्रमांक २ ची रुंदी नियम क्रमांक अमुकप्रमाणे ९ मीटर असणे आवश्यक आहे. साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) ११० ते १३५ मीटर या २५ मीटर लांबीत जुना वड असल्याने तेवढ्याच भागात ७.५ मीटर रुंदी मंजूर व्हावी. उरलेला रस्ता नियमाप्रमाणे ९ मीटर आहे. या २५ मीटरमध्ये फूटपाथ एकाच बाजूला, पण पूर्ण १.८ मीटर रुंदीचा ठेवला आहे. या बदलामुळे प्लॉटची संख्या वाढत नाही. आडवा छेद, लेव्हलचा नकाशा, फोटो आणि नियमाप्रमाणे केलेला पर्यायी नकाशा सोबत जोडला आहे.”

“प्लॉटची संख्या वाढत नाही” हे वाक्य खरे असेल तरच लिहा. पण ते खरे करता येते का, हे जरूर बघा. त्या एका वाक्याने वाचणाऱ्याचा संशय निम्मा होतो. पर्यायी नकाशा जोडण्याचे कारणही तेच: नियमाप्रमाणे रस्ता काढला तर नेमके काय बिघडते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आणि तीन गोष्टींत सूट हवी असेल तर तीन वेगळ्या मागण्या करा. सगळे एकत्र बांधले तर एक अडली की सगळ्याच अडतात.

अर्ज आवक खिडकीवर द्या, शिक्का आणि क्रमांक असलेली प्रत जपून ठेवा. “आत माझा माणूस आहे, कागद त्याच्या हातात देऊ” असे म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर तुमचा अर्ज कुठल्याच रजिस्टरला नसतो आणि तुमचा माणूस नेमका बदली होऊन गेलेला असतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी हे करून बसलो आहे. अकरा महिन्यांनी नवीन अर्ज, नवीन तारीख.

जागा बघायला अधिकारी येतील त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना चुना मारून ठेवा. कागदावरचा साडेसात मीटर आणि डोळ्यांनी दिसलेला साडेसात मीटर यांत फार फरक पडतो, आणि तो बहुधा तुमच्या बाजूने पडतो. शेजारच्या शेताच्या मालकालाही त्या वेळी बोलवा. हरकत असेल तर तिथेच कळू द्या.

टेबलावरचा इंजिनिअर सूट देत नाही, तो शिफारस करतो. विषय सभेपुढे जातो, आणि तिथे अधिकार पुरत नसेल तर बेंगळूरला सरकारकडे. म्हणून “साहेब हो म्हणाले” यावर खड्डे खणू नका. तुमच्या मागणीवर कुणाला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, हे लेखी विचारून ठेवा.

फाईल हलत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा २००५ वापरा. रागाने नव्हे, अभ्यासासाठी. तशाच स्वरूपाची सूट पूर्वी दिली असेल तर त्या ठरावाची प्रत मागा. कर्नाटकात या अर्जाला १० रुपये फी आहे, आणि एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत बसवावा लागतो. आपल्या लोकांना प्रस्तावनाच दीडशे शब्दांची लागते, म्हणून सांगतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला तर तो कारणांसह लेखी घ्या. धारवाड खंडपीठात जायची वेळ आलीच तर वकील सर्वांत आधी तोच कागद मागतो.

बुकिंगची घाई

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) नोंदणीशिवाय प्लॉटची जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, म्हणजे आपली बहुतेक सगळीच ले-आउट त्यात आली. एकदा लोकांनी प्लॉट घेतले की मंजूर नकाशात बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. त्यामुळे रस्त्याची सूट आधी, पावती पुस्तक नंतर. नातेवाईकांकडून “फक्त टोकन” घेणाराही यात अडकतो.

मंजुरीचा आदेश आला की अटी वाचा. पार्किंग बंदी, गटाराची पट्टी, झाडाभोवतीचा कट्टा यांतले जे तुम्ही कबूल केले ते आदेशात अट म्हणून येते, आणि ती कामे झाल्याशिवाय प्लॉट मोकळे होत नाहीत. रस्ते आणि मोकळ्या जागा प्राधिकरणाकडे विनामोबदला सोपवण्याचा दस्त करताना रुंदी सुटीप्रमाणेच लिहिली आहे ना, ते बघा. जुन्या मसुद्यातला ९ मीटर तसाच राहून गेलेला मी पाहिला आहे. दुरुस्ती दस्ताला पुन्हा सगळ्या भावांना एकाच दिवशी रजिस्टर ऑफिसात गोळा करावे लागले, आणि त्यातला एक पुण्याला. रस्त्याच्या कडेचे दगड मात्र पेरणीच्या आधीच रोवून टाका.